नंबर न घातलेला व्हॉल्व्ह

प्लॅस्टिकच्या माणसाला भुवया काढायच्या असतील, तर आधी त्याला रिठ्याच्या पाण्याने आंघोळ घालावी लागते. साच्यातून निघताना तो अंगाला तेल चोपडूनच बाहेर येतो. ते तेल आपल्याला दिसत नाही, पण शाईला बरोबर कळतं. रेघ ओढली की तिचे बारीक बारीक थेंब होतात आणि भुवयांच्या जागी माणसाला पुरळ उठल्यासारखं दिसतं. म्हणून आधी आंघोळ, मग सावलीत वाळवण, मग बोटावर चिमूटभर पावडर घेऊन चेहऱ्यावरून हलका हात. एवढं कौतुक करून घेतल्याशिवाय तो काही पेन तोंडाला लावू देत नाही.

हे मी एवढ्या अधिकाराने सांगते, कारण ऐंशीचं दशक सरता सरता आणि नव्वदचं जवळजवळ सगळं मी हेच काम केलं. लोक विचारतात, "तुम्ही नोकरी कसली करत होतात?" मी सांगते, "प्लॅस्टिकच्या मॉडेलवर शाईकाम." पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे पेंटिंग?" अहो, नाही! रंग ब्रशने लावतात आणि तो लावणारे वेगळे. रंग लावून झाला की वस्तू नुसती रंगीत होते, खरी वाटत नाही. खिडकीला गज, मोटारीच्या दाराभोवती फट, घड्याळाच्या तबकडीवर काटे, माणसाला भुवया, ह्या सगळ्या बारीक रेघा शाईने काढल्या की मग वस्तू जागी होते. तिला जागं करणं हे माझं काम.

पेन म्हणजे शाळेतलं नव्हे, नकाशे काढणाऱ्यांचं. निबाच्या जागी सुईएवढी नळी आणि नळीच्या आत केसासारखी तार. हलवलं की आत टिकटिक वाजतं. वाजलं तर पेन जिवंत. नाही वाजलं तर आत शाई वाळलेली, मग कोमट पाण्यात बुडवून त्याची मनधरणी करत बसा. मी आयटीआयमधून ट्रेसर होऊन बाहेर पडले होते. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने जसाच्या तसा उतरवणारी. ट्रेसरने हात चालवायचा, डोकं चालवायचं नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते मी पुढे बरीच वर्षं इमानेइतबारे पाळलं. त्याचा आता राग येतो.

आमचं वर्कशॉप उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये. मी अंबरनाथ पश्चिमेला राहायचे आणि शेअर रिक्षात पेनांची पेटी मांडीवर घेऊन यायचे. रिक्षाने खड्डा खाल्ला की पेटीतली सगळी पेनं एकदम टिकटिकायची आणि शेजारचा प्रवासी दचकून माझ्याकडे बघायचा. मालक लच्छू शेठ. तोंडात सतत बडीशेप, आणि माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असून मला "अदी" म्हणायचे. अदी म्हणजे सिंधीत ताई. वर्कशॉपच्या खाली आणि दोन्ही बाजूंना जीन्स शिवणारे. त्यांच्या मशिनी सुरू झाल्या की माझं टेबल थरथरायचं. मग मी त्यांच्याकडूनच जाड कापडाच्या चिंध्या आणून टेबलाच्या चारही पायांखाली घड्या घातल्या. कंप थांबला, पण हवेतला निळा भुगा कोण थांबवणार? तो ओल्या शाईवर बसला की सरळ रेघेला मिशा फुटायच्या. माझी निम्मी हयात श्वास रोखून रेघ ओढण्यात आणि उरलेली त्या मिशा ब्लेडने काढण्यात गेली.

सुरुवातीला आम्ही केकवर लावायच्या नवरा-नवरीच्या जोड्या करत होतो. एका केकवाल्याने लग्नाचा फोटो आणून नवऱ्याला चष्मा काढून मागितला. मी काढून दिला. दुसऱ्या दिवशी तो हजर. "मॅडम, नवरीला पण चष्मा काढा. मुलीकडचे म्हणतात, ह्यात फक्त मुलगाच शिकलेला दिसतो!" काढला. तिला तो जास्त शोभला, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग बदलापूरला इमारती उठायला लागल्या आणि बिल्डर आले. एका बिल्डरला मॉडेलमध्ये नदी इमारतीच्या जवळ हवी होती. मी म्हटलं, "नदी जिथे आहे तिथे आहे." तो म्हणाला, "मॅडम, थोडी सरकवा ना, बुकिंगपुरती." नदी मी सरकवली नाही. पण दुसऱ्या मजल्याच्या एका बाल्कनीत मी दोरी काढली आणि प्लॅस्टिकच्या कातरणावर साडीचे काठ काढून ती वाळत घातली. बिल्डर भडकला. "लोकांना व्ह्यू दाखवायचाय, तुम्ही धुणं काय दाखवताय?" उद्घाटनाला वेळ नव्हता म्हणून ती साडी राहून गेली. आणि दिवसभर बायका नवऱ्यांना कोपराने ढोसून तीच बाल्कनी दाखवत होत्या. बाकीच्या बाल्कन्या दिसत होत्या तशा, पण घर दिसत होतं फक्त तिथे. पुढच्या मॉडेलच्या वेळी बिल्डरने स्वतःहून सांगितलं, "ते कपडे जरा जास्त टाका."

पण खरं सांगायचं ते अंबरनाथजवळच्या मोरिवलीच्या कारखान्याचं.

कारखान्याचं मॉडेल शोभेसाठी नसतं. संगणकावर नकाशा फिरवून बघायची सोय तेव्हा आमच्या भागात कुठली! टाक्यांचा नकाशा एकजण काढायचा, पाइपांचा दुसरा, जिने आणि माणसांनी उभं राहायच्या प्लॅटफॉर्मचा तिसरा. कागदावर सगळे आपापल्या जागी शहाणे. एकत्र आल्यावर कोणाचं डोकं कोणाच्या पोटात घुसतंय, हे आधीच कळावं म्हणून पंचवीस फुटांचा एक फूट करून आख्खा प्लांट प्लॅस्टिकमध्ये बांधायचा. शेठ प्लॅस्टिकच्या काड्या गरम करून पाइप वाकवायचे. मग माझा नंबर लागायचा. जोडांवरचे बोल्ट, पाइपात काय कुठे वाहतं त्याचे बाण, तबकड्यांवरचे आकडे, आणि शेवटी व्हॉल्व्हचे नंबर. व्हॉल्व्ह म्हणजे पाइपातली मोठी चावी. प्रत्येकीला नंबर असतो, आणि शेवटच्या व्हॉल्व्हवर नंबर पडल्याशिवाय कंपनी मॉडेल पास करत नाही, हा नियम.

ह्यात माझी एक खासियत होती, आणि तिचा मला फार गर्व होता. काही व्हॉल्व्ह प्लॅटफॉर्मच्या खाली, पाइपांच्या बेचक्यात असायचे. तिथे पेन पोचायचं नाही. मग मी अख्खा प्लॅटफॉर्म अलगद उचलून बाजूला ठेवायचे, नंबर घालायचे आणि पुन्हा असा बसवायचे की कोणाच्या बापाला कळायचं नाही. साहेब लोक वाकून बघायचे आणि म्हणायचे, "वा, इथे कसं लिहिलं हो?" मी नुसती हसायचे.

मोरिवलीच्या कारखान्यात नवा विभाग उभा राहणार होता. त्याचं काम सबनीस साहेबांकडे. हुशार माणूस, शर्टाला कधी सुरकुती नाही, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता नकाशाकडे बघायचे. त्यांनी मॉडेलवर नजर ठेवायला आठवड्यातून एकदा जुन्या प्लांटवरचे एक ऑपरेटर आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली. धर्मादादा त्यांचं नाव. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावर घर. घरची भातशेती आई आणि बायको बघायची, आणि ते वर्षानुवर्षं मोरिवलीला चाव्या फिरवायचे. नवा विभाग सुरू झाल्यावर तिथेही त्यांचीच पाळी लागणार होती.

पहिल्याच दिवशी मॉडेलभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "बाय, ह्यातला मी कोंचा?"

मॉडेलवर जागोजागी अडीच इंची माणसं उभी केलेली असतात, उंचीचा अंदाज यावा म्हणून. मी म्हटलं, "तुम्हीच निवडा, दादा."

"ह्यो. टाकीजवलचा. पन ह्याला मिशी नाय."

मी तिथल्या तिथे झुपकेदार मिशी काढून दिली. दादा खूश झाले. "आता बराबर. आता मी कामाला लागलो."

मोठी टाकी तापायला लागली तर तिच्यात येणारा माल ताबडतोब तोडायचा, त्यासाठी टाकीखाली एक व्हॉल्व्ह होता. नंबर दोनशे सात. तो हाताने बंद करायचा. किती वेळात, असं मी दादांना विचारलं तर म्हणाले, "येल नस्तो, बाय. चावी फिरवायची नायतर पलायचं."

मॉडेल संपत आलं. हेड ऑफिसचे मोठे साहेब बघायला यायला आठ दिवस उरले होते आणि शेठची घाई सुरू झाली. घाईत त्यांनी टाकीभोवतीचा प्लॅटफॉर्म प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या क्लोरोफॉर्मने कायमचा चिकटवून टाकला. मी सकाळी येऊन बघते तर दोनशे सातचा नंबर घालायचा राहिलेला आणि वरचं झाकण बंद!

"शेठ, आता हे उचलणार कसं?"

"अरे अदी, बाजूने घाला ना पेन! तुम्ही तर जादूगार आहात."

मी बाजूने घातलं. पुढचं निमुळतं टोक आत गेलं, पेनाची जाडी अडली. दुसऱ्या बाजूने घातलं. पाइप आडवा. खालून घातलं. टाकीचा पाय आडवा. अर्धा तास मी त्या बेचक्यात पेन कोंबत होते आणि शेठला मनातल्या मनात जे बोलत होते ते इथे छापता येणार नाही. शेवटी शेठ म्हणाले, "छोडो, ब्लेड से काट दो. मैं फिर से चिपका दूँगा." मी ब्लेड घेतलं.

आणि कापायला वाकले तेव्हा मिशीवाला माणूस समोर उभा होता.

मी ब्लेड ठेवलं, त्याला उचललं आणि बेचक्यात घालून बघितलं. त्याची छाती माझ्या पेनाहून रुंद. तो जाईना. आडवा केला, जाईना. त्याच्या हाताएवढी काडी कापून आत घातली. खांद्यापर्यंत सगळा हात आत गेला तरी चावी अजून तेवढीच पुढे राहिली. माझं पेन जिथे जात नव्हतं तिथे धर्मादादा कसे जाणार? टाकी तापल्यावर त्यांच्यासाठी वरचा प्लॅटफॉर्म कोण उचलून देणार होतं?

त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, तो जास्त वाईट. ह्याआधी मी कारखान्यांची दोन मॉडेलं केली होती. त्यांत कुठे कुठे मी प्लॅटफॉर्म उचलून, नंबर घालून, परत बसवून शाबासकी घेतली होती? मॉडेल जी चूक दाखवण्यासाठी बांधायचं, तीच मी माझ्या कौशल्याने झाकत आले होते. ते कारखाने लांबचे. मी पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. ती रुखरुख आजही गेलेली नाही.

शेठना सांगितलं. त्यांनी बडीशेप चावायची थांबवली. "अदी, नक्शा त्यांचा, प्लांट त्यांचा. आपण मॉडेलवाले. मोठा साहेब बोलला मॉडेल अधुरा है, तो समझो आगे का सब काम गया. मग तुम्ही आणि मी बसू केकवरच्या नवरा-नवरीला चष्मे काढत."

मी सबनीस साहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाले, "बाई, ते ड्रॉइंग तीन जणांनी तपासलंय. तुम्ही नंबर घाला. रचना हे आमचं काम आहे."

"पण साहेब, पेन..."

"तुमचं पेन जात नाही म्हणून आम्ही प्लांट बदलायचा का?"

फोन बंद. दोन दिवसांनी पुन्हा केला, तेच उत्तर, फक्त आवाज चढलेला. ट्रेसरने डोकं चालवायचं नाही. मी घरी जाऊन पोळ्या करत होते आणि तव्यावरची पोळी करपली तरी मला त्या बेचक्यातली चावीच दिसत होती. मॉडेल पास झालं असतं तर वर्कशॉप तरलं असतं. आणि कधीतरी ती टाकी तापली असती. मी ठरवलं. कापणार नाही आणि नंबर घालणार नाही. शेठना तसं सांगितलं. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, पण त्यांनी स्वतःही ब्लेडला हात लावला नाही, हे मी त्यांच्या नावावर कायमचं जमा धरलंय.

ठरलेल्या दिवशी मॉडेल टेम्पोतून मोरिवलीला गेलं. मीटिंगची खोली, मधोमध मॉडेल, एका बाजूला मोठे साहेब आणि सबनीस साहेब, दुसऱ्या बाजूला शेठ आणि मी, आणि दाखवायला धर्मादादा, हातात उदबत्तीची काडी घेऊन. मोठे साहेब यादीतून नंबर वाचायचे, दादा काडीने व्हॉल्व्ह दाखवायचे, सबनीस साहेब खूण करायचे. एकशे एक, एकशे दोन... दोनशे पाच. दोनशे सहा. दोनशे सात.

दादांची काडी प्लॅटफॉर्मखाली गेली आणि थांबली. "साहेब, हितं नंबर नाय."

मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. सबनीस साहेब लालबुंद झाले. "बाई, मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं!"

"हो साहेब. मला जमलं नाही." मी पेटीतून सर्वांत बारीक पेन काढलं, हलवून टिकटिक ऐकली आणि त्यांच्यापुढे धरलं. "एवढा एकच राहिलाय. तुम्ही घालता का?"

शेठनी डोळे मिटून घेतले.

सबनीस साहेबांनी पेन अक्षरशः हिसकावलं. बाजूने घातलं, अडलं. दुसऱ्या बाजूला गेले, वाकले, कफ वर केला. खालून घातलं. त्या कडक इस्त्रीच्या शर्टावर शाईचा थेंब पडला तरी त्यांना कळलं नाही. मग ते थांबले. पेन तसंच आत अडकवून ठेवून ते दोन पावलं मागे सरले आणि मॉडेलकडे बघत राहिले. त्यांनी त्या मॉडेलकडे नीट बघितलं ते त्याच दिवशी पहिल्यांदा.

मी मिशीवाला माणूस उचलून त्या पेनाशेजारी उभा केला. "साहेब, पेन ह्यांच्याहून बारीक आहे."

धर्मादादांनी वाकून बघितलं. त्या आठवड्यात ते वर्कशॉपला आलेच नव्हते, त्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. "अरं द्येवा," ते म्हणाले. "मना हितं घुसाया लावताव? माजा हात कुठून जाल, साहेब?"

मोठ्या साहेबांनी यादी मिटली. "सबनीस, काम थांबवा. हा व्हॉल्व्ह बाहेर काढा, माणसाच्या छातीच्या उंचीवर. आणि बाकीचे सगळे ह्या बाईंच्या पेनाने तपासून घ्या."

आनंद एवढा झाला की हसू का रडू कळेना, आणि मी चक्क हसले, मोठ्याने, साहेबांसमोर.

बाहेर आल्यावर शेठ टेम्पोवाल्याला सांगत होते, "मैं तो पहले दिन से बोल रहा था, पेन नहीं जाता तो माणूस कैसे जाएगा!" मी काही दुरुस्ती केली नाही. पुढची चार कारखान्यांची मॉडेलं आम्हालाच मिळाली. सबनीस साहेब स्वतः वर्कशॉपमध्ये यायला लागले. टेबलापाशी बसायचे आणि माझ्याकडून पेन मागून घेऊन एकेक बेचकं स्वतः तपासायचे. एकदा खाली बघतच म्हणाले, "त्या दिवशी मी फोन नीट ऐकायला हवा होता." त्यांच्यासारख्या माणसाला एवढं बोलायला किती कष्ट पडले असतील ते मला दिसलं. मी त्यांना चहा सांगितला.

नवा विभाग उभा राहिला, चालू झाला. आमच्याकडे कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते आणि त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात. चालू झाल्यावर दुसऱ्या वर्षी धर्मादादांनी मला बोलावलं. सगळीकडे झेंडूची तोरणं, यंत्रांना हळदकुंकू. मी माझा प्लांट पहिल्यांदाच माझ्याहून मोठा बघत होते. दादांनी मला थेट दोनशे सातपाशी नेलं. छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी, लाल चाक.

"श्रावनात टाकी तापली, बाय," ते म्हणाले. "रातची पाली, मी एकलाच. भोंगा वाजला, मी चाक फिरवलं. झालं."

"एवढंच?"

"एवडंच. मंग मुकाट्यानं डबा खाल्ला."

त्यांच्या मागे त्यांची बायको उभी होती, डोक्यावर पदर, कडेवर मूल. तिने मूल दादांच्या हातात दिलं, पुढे आली आणि माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला. बोटांवरचे शाईचे डाग तिने अंगठ्याने चोळून बघितले. ते काही जाणारे नव्हते.

"तुमी लिवलं नाय," ती म्हणाली, "म्हून ह्यो घरी आला."